क्लचवरचा पाय

बैल लंपीनं गेला तेव्हा अंजनाबाई रडली नाही. उरलेल्या जोडीदाराला तिचा नवरा देवाजी बाजारात घेऊन गेला तेव्हाही रडली नाही. एका बैलानं वखर ओढवत नाही, एवढं तिला कळत होतं. पण पौषात आभाळ भरून आलं आणि पावसाची झड लागून राहिली, तेव्हा मात्र ती दारात बसली आणि गुडघ्यावर कपाळ टेकून रडली.

संत्र्याच्या झाडाचं पाणी थंडीत तोडतात. झाड तहानतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, पण ते तसंच राहू द्यायचं असतं. त्याला ताण देणं म्हणतात. मग वखराची हलकी पाळी घालायची, शेणखत पसरायचं आणि पाणी सोडायचं, की झाड डोक्यापासून पायापर्यंत पांढरं होतं. फुलाच्या त्या वासावर अंजनाबाईचा सगळा संसार झाला होता. यंदा ऐन ताणाच्या दिवसांत पाऊस पडला आणि झाडांच्या ओळींमध्ये गुडघ्याएवढं गवत माजलं. ते उलथल्याशिवाय पाण्याला अर्थ नव्हता. पाणी सगळं गवतानंच प्यायलं असतं.

एक काळ होता, तिनं कुंपणावरून नुसती हाक मारली की गावच्या बाया खुरपी घेऊन यायच्या. एकमेकींच्या सासवांची नक्कल करत, हसत, गाणी म्हणत दिवस मावळायच्या आत बाग आरशासारखी करून टाकायच्या. आता दिवस उगवायच्या आधी बुटीबोरीच्या कंपनीची बस फाट्यावर येऊन उभी राहते. धडधाकट बाया-पोरी डबे घेऊन तिच्यात चढतात. मागं राहतात त्या अंजनाबाईसारख्या, ज्यांना एकदा बसलं की उठायला हात टेकावा लागतो.

राहिली होती ती बुटकी.

बुटकी म्हणजे ट्रॅक्टर. मालगुजार मार्तंडरावांनी आपल्या बागेसाठी तो थेट विलायतेहून मागवला होता. झाडांच्या फांद्यांखालून जाईल एवढाच उंच, मोठ्या ट्रॅक्टरच्या पोटाशी वासरू उभं राहावं तसा. देवाजी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. पहिली काही वर्षं त्यानं बुटकी फक्त धुतली. तिच्यावर बसायचा त्याला हुकूम नव्हता. मग एका हंगामात ड्रायव्हर न सांगता निघून गेला, बाग वखरायची राहिली, आणि हुकूम आपोआप निघाला. तेव्हापासून त्या पत्र्याच्या सीटवर दुसरं कोणी बसलं नाही. मालगुजारांच्या नातवांनी बागेचे प्लॉट पाडले तेव्हा एवढ्याशा जुनाट ट्रॅक्टरचं काय करायचं, हे कोणालाच कळेना. "देवाजी, तूच घेऊन जा," म्हणाले. त्यानं तो आपल्या बागेत आणला. अंजनाबाईला आठवतं, त्या दिवशी तो दारापर्यंत आला आणि खाली उतरायचंच विसरला. "या ना आता घरात, का तिथंच ताट आणू?" असं ती म्हणाली होती.

बुटकी आता फवारणीचा पंप आणि खताची छोटी ट्रॉली ओढायची. लाल रंग उडून वीटकरी झाला होता. क्लच उशिरा धरायचा, ब्रेक एकाच चाकाला लागायचा. पण देवाजीच्या हाताला आणि पायाला ती ओळखत होती.

प्रश्न पायाचाच होता. मागल्या सालात देवाजी विहिरीच्या पायरीवरून घसरला, तेव्हापासून डावा गुडघा पुरता वाकत नव्हता. चालताना तो पाय थोडा बाहेरून फिरवून टाकायचा. मुलगा प्रीतम बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत होता, तिथंच भाड्याच्या खोलीत बायको मोनालीबरोबर राहत होता. प्रत्येक वेळी घरी आला की त्याचं पहिलं लक्ष बापाच्या पायाकडं जायचं.

"बाबा, शेजारच्या वावरात लेआउटचे झेंडे लागले. आपल्यालेही विचारून राहिले ते. काहून जीव काढता?"

"माहा जीव आन् माहं वावर. तुले का होते?"

"पाय वाकत नाही तुमचा. उद्या क्लच दाबल्या नाही गेला तं?"

देवाजीनं तंबाखू मळता मळता मान वर केली. "आयक. ज्या दिवशी हा पाय क्लचले उपयोगी नाही राहीन, त्या दिवशी तू म्हणशीन तिथं येतो. तुह्या खोलीत एका कोपऱ्यात बसतो. वावराचं का करायचं ते तू कर. झालं समाधान?"

अंजनाबाई चुलीपाशी होती. तिनं भाकर थापता थापता हात थांबवला. देवाजीनं आजवर शब्द फिरवला नव्हता. हाच त्याचा मोठा दोष होता. वावर त्याच्या पायाला बांधून टाकलं होतं त्यानं, आणि तोही नेमका दुखऱ्या पायाला.

माघ लागता लागता गिरणी दुरुस्तीसाठी बंद झाली आणि प्रीतम मोकळा झाला. पोरगा वाईट नव्हता. बापाशी भांडायचा, पण बाग गवतात बुडालेली बघवेना त्याला. शहरातल्या जरीपटक्याला जाऊन जुन्या सामानाच्या दुकानातून त्यानं एक छोटा रोटावेटर आणला. बुटकीच्या मागं बसेल असा, आडव्या लोखंडी दांड्यावर वाकड्या पात्यांच्या रांगा असलेला. टेम्पोतून तो अंगणात उतरवला तेव्हा जमीन दणकली. कोंबड्या गुरांच्या कोठ्याच्या मागं पळाल्या.

शेजारची पुष्पलता कमरेवर हात ठेवून बघत होती. "अंजनाबाई, नारळ नाही फोडला तं निदान लिंबू तरी ठेवजा वं चाकाखाली. दात पाहा त्याचे!"

"आमच्या घरी लिंबाचं सरबत करते वं बाई," अंजनाबाई म्हणाली. पण ती पाती तिनंही पाहिली होती. जुन्या मातीनं आणि कशानं कशानं काळी पडलेली. कोणाच्या तरी वावरात फिरून आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाप-लेक जुंपले. बुटकीच्या मागचे दोन खालचे दांडे पसरवून रोटावेटरच्या कानांत बसवायचे होते. दांडे गंजून गच्च झाले होते. त्यांच्यावर डिझेल ओतून देवाजी लाकडी हातोड्यानं टोले घालत होता. प्रीतम उताणा पडून खालून पाना फिरवत होता. त्याच्या बनियनला माती चिकटली होती आणि तोंडातून शिव्या येत होत्या त्या सगळ्या बुटकीच्या इंग्रज कारखानदाराला. कानांची भोकं मोठी आणि पिना बारीक निघाल्या. देवाजीनं जुन्या पाइपाचे तुकडे कापून पिनांवर चढवले. मग मधला वरचा दांडा लावला. तो लावल्याबरोबर मागच्या वजनानं बुटकीचं नाक उचललं. पुढची चाकं जमिनीवरून अधांतरी झाली, घोडं खिंकाळताना उभं राहावं तशी. दोघं हसले. मग पुढच्या जाळीला वाळूचं पोतं आवळून बांधलं, तेव्हा कुठं ती खाली बसली.

शेवटी राहिला शाफ्ट. बुटकीच्या पोटातून निघणारी ताकद रोटावेटरपर्यंत नेणारा एकात एक सरकणारा लोखंडी दांडा. दुकानदारानं त्याच्याबरोबर मुठीएवढं एक गोल कपलिंग दिलं होतं, शाफ्टच्या तोंडाशी लावायला. ते लावलं की शाफ्ट चार बोटं लांब होत होता. दाबला, तिरपा केला, बुटकी पुढं ढकलून पाहिली, बसेना.

"चार बोटं कापून टाकतो," प्रीतम म्हणाला. "वेल्डिंगवाल्याकडं कटर हाय."

"कापायचं नाही." देवाजीनं शाफ्टवर हात ठेवला. "नाही जमलं तं वापस घेतो म्हणाला ना तो? कापलेली वस्तू कोणी वापस घेते का? आणलेली वस्तू जशी आली तशी ठेवाव."

ही देवाजीची जुनी रीत. मालगुजाराकडं त्याच्या हाती जे आलं ते तो जसंच्या तसं परत ठेवायचा, म्हणजे बोट दाखवायला कोणाला जागा राहू नये. नवीन दोरीसुद्धा तो कापत नसे, उरलेली गुंडाळून ठेवायचा. आयुष्यभर या रीतीनं त्याला वाचवलं होतं.

"मंग?"

"तो मधातला गोळा काढून टाक ना. त्याच्यात दात नाही, काही नाही. त्याचं कामच का?"

प्रीतम हसला. "तो दुकानदार म्हणे, 'पुरानी गाड़ी है तो ये बीच में लगाना, भैया. नहीं तो पीछे का मशीन गाड़ी को धकेलेगा.' म्हणजे पाती फिरत राहते आन् मागचं यंत्र गाडीले लोटते म्हणे!"

"लोटते?" देवाजीही हसला. "लोटते तं चांगलंच हाय की गा! ह्या बुटकीले धुऱ्याच्या चढावर आजवर मीच लोटत आलो."

अंजनाबाईनं चहाचे कप त्यांच्यापुढं ठेवले आणि तीही हसली. नंतर तिला ते हसू आठवलं की तोंड कडू व्हायचं. कपलिंग काढलं, शाफ्ट खटकन बसला, अगदी मापाचा. प्रीतमनं ते कपलिंग चिंधीत गुंडाळून फळीवर ठेवलं. परत करायला बरं.

अंगणातच एकदा फिरवून पाहायचं ठरलं. "पदर खोच," देवाजी तिला म्हणाला. "आन् त्या शाफ्टपासून दूर राहा. त्याच्याजवळ उभं राहणाऱ्याचं लुगडंच काय, हाडंही राहत नाही." बुटकी धूर सोडत सुरू झाली. त्यानं रोटावेटर फिरवायचा सीटमागचा दांडा ओढला, बुटकी मुंगीच्या चालीनं पुढं निघाली आणि पाती फिरायला लागली. आधी एक एक दिसत होतं. मग दिसेनासं झालं, नुसता एक काळा पट्टा घूं घूं करत राहिला. कोठ्याच्या खुंट्यापाशी मेलेल्या बैलाचं दावं पडलं होतं. कोणाच्या लक्षातच नव्हतं. सापाची शेपूट बिळात जावी तसं ते त्या पट्ट्यात गेलं आणि खाली टरटर आवाज आला.

"थांबवा! थांबवा!" प्रीतम ओरडला.

अंजनाबाईची नजर देवाजीच्या डाव्या पायावर गेली. शब्द दिल्यापासून तिची नजर तिथंच जायची. त्यानं पाय खाली दाबला. बुटकी थांबायला हवी होती. ती हातभर पुढं गेली, मग थांबली.

"उतार हाय थोडा अंगणाले," प्रीतम म्हणाला.

देवाजी खाली उतरला. त्यानं गुडघा दोन्ही हातांनी चोळला. मग विळा घेऊन पात्यांत गुरफटलेलं दावं कापत बसला. पीळ सुटत नव्हता. एकेक धागा कापून काढावा लागत होता. "बिचाऱ्याचं दावं," एवढंच तो म्हणाला. पण अंजनाबाईनं त्याचा चेहरा पाहिला होता. तो बैलाचा विचार करत नव्हता.

बागेतला पहिला दिवस बरा गेला. गवत पात्यांखाली जाऊन हिरव्या-काळ्या भुग्यासारखं मागं पडत होतं. पाती जेमतेम चार बोटं खोल ठेवली होती. संत्र्याची मुळं वरच असतात. मातीचा वास उठला. बगळे मागं मागं चालत आले. म्हाताऱ्या झाडांच्या फांद्या खाली झुकलेल्या, त्या देवाजीच्या तोंडावर लागायच्या. म्हणून प्रीतम दोफाटी काठी घेऊन बुटकीच्या पुढं उलटा चालायचा, फांदी काठीवर उचलून धरायचा, बुटकी पुढं आली की पुढची फांदी. अंजनाबाई बाजूच्या ओळीतून दगडं वेचत चालली होती. एका हातात टोपली, आणि नजर पायावर.

तिला दिसत होतं की देवाजी ओळ संपून धुऱ्याचा बांध यायच्या कितीतरी आधी पाय दाबतो आहे. आधी एक झाड राहिलं की दाबायचा. दुपारनंतर दीड झाड राहिलं की. मऊ जमिनीत बुटकी लवकर थांबायची. टणक जागा आली की पाती माती खायच्या ऐवजी जमिनीवर चालायची, आणि पाय दाबलेला असताना बुटकी सरकत राहायची. लाडावलेलं जनावर थांबायला "हो" म्हटल्यावरही चार पावलं जातं, तशी.

"अवो, राहू द्या आता. उद्या करजा."

"होते."

"पाय दुखत असन."

"पायाचं नाव नको काढू तू," तो इतक्या जोरात बोलला की प्रीतमनं काठी खाली करून मागं पाहिलं.

त्या संध्याकाळी देवाजी जेवला नाही नीट. वरणात भाकर कुस्करली आणि तशीच ठेवली. उन्हाळा दूर होता तरी त्या दिवशी हवेत उकाडा होता, आणि दूर बुटीबोरीच्या बाजूला कारखान्यांच्या धुरांड्यांवर लाल दिवे लुकलुकत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या भागात शिरले. तिथली झाडं अंजनाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेली. खड्डे देवाजीनं खणले, पाणी तिनं डोक्यावरून आणलं. जमीन तिथं वर्षानुवर्षं पायांनी तुडवून फरशीसारखी झालेली. पाती त्या जमिनीवर खडखड वाजत होती. प्रीतम उलटा चालत होता, काठीवर एक मोठी फांदी तोलून धरलेली. फांदी जड होती, त्याचं तोंड वर होतं. त्याची टाच झाडाच्या आळ्याच्या कडेला लागली. तो मागं पडला नाही. धडपडून बाजूच्या झाडाच्या खोडाला एका हातानं धरून उभा राहिला.

देवाजीनं पाय दाबला.

अंजनाबाईनं ते पाहिलं. वहाणेचा तळ पत्र्याला टेकला. गुडघा थरथरत होता, मांडीची शीर वर आली होती, पण पाय खाली होता, पुरता खाली. बुटकी मात्र येत होती. मागून कोणीतरी दोन्ही हातांनी लोटावी तशी, घाई न करता, येत होती. "बाजूले हो! बाजूले हो बापू!" देवाजी ओरडला आणि त्यानं सगळं अंग टाकून स्टिअरिंग फिरवलं. नाक प्रीतमच्या पोटावरून वळलं आणि झाडावर गेलं. वाळूचं पोतं फाटलं. खोडाला धरलेला प्रीतमचा डावा हात जाळीची लोखंडी कड आणि झाड यांच्यामध्ये सापडला.

तो आवाज अंजनाबाईनं ऐकला. ऊस दातानं मोडावा तसा.

देवाजीनं सीटखालची वायर ओढून इंजिन बंद केलं. वरून सुकलेली पानं भुरभुर पडत राहिली. प्रीतमनं हात काढून छातीशी धरला. तोंड पांढरं पडलं होतं. आणि त्यानं पहिला शब्द काढला तो हा:

"क्लच काहून नाही दाबला बाबा?"

देवाजीनं आपल्या पायाकडं पाहिलं. तो अजून खालीच होता. "दाबला ना गा," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "दाबला वाटते."

त्या "वाटते"नं अंजनाबाईच्या काळजाला चरा पडला.

पुष्पलताच्या पोरानं ऑटो आणला. प्रीतमला दवाखान्यात नेलं. दोन बोटं मोडली होती. पट्ट्या बांधून डॉक्टरांनी सांगितलं की जुळतील, पण पूर्वीसारखी वाकतील की नाही ते आताच सांगता येत नाही. मोनाली रडवेली होऊन आली. सुताच्या यंत्रावर दोन बोटं म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

विचारपूस करायला माणसं यायला लागली. प्रीतम खाटेवर बसून तेच तेच सांगायचा. "बाबाचा पाय उठला नाही. म्हणजे दबला नाही. मी केव्हाचा म्हणून राहिलो होतो." माणसं देवाजीकडं न बघता मान हलवायची. एक जण जाता जाता म्हणाला, "देवाजी, आता उतरा गा. लय केलं आयुष्यभर." देवाजी ओट्यावर बसून "हो, हो" म्हणायचा. चोराला पकडून बसवावं तसा बसायचा तो.

"पाय खाली होता," अंजनाबाई प्रीतमला म्हणाली. "मले दिसत होता. पुरा टेकला होता."

"मंग गाडी काहून नाही थांबली?"

"ते मी का जाणो. तुलेच कोणीतरी सांगितलं होतं ना, मागचं यंत्र लोटते म्हणून?"

प्रीतमनं तोंड फिरवलं. त्याला आठवत होतं. त्याला रोज आठवत असणार, हे आईला दिसत होतं. "दुकानदार काहीही बोलतात, माय," तो म्हणाला. "तू बाबाचीच बाजू घेशीन. पाय गेला त्यांचा, हे मान्य कर."

एका दुपारी ती कोठ्यात गवऱ्या आणायला गेली. देवाजी तिथं उलट्या घमेल्यावर बसला होता, तोंड भिंतीकडं. डावा पाय त्यानं बैलाच्या खुंट्याला लावला होता आणि तो दाबत होता. दाबायचा, सोडायचा. पुन्हा दाबायचा. ओठ आवळलेले, मानेवर घाम. खुंटा जमिनीत हलला होता, भोवतीची माती फुगली होती. एवढी ताकद अजून त्या पायात होती. आणि तरी तो पुन्हा दाबत होता, कारण त्याचा विश्वास बसत नव्हता. अंजनाबाई गवऱ्या न घेताच परत फिरली.

मग मोटारसायकलवरून लेआउटवाल्यांचा माणूस आला. काळा चष्मा काढून त्यानं बागेवर नजर फिरवली, जशी बाजारात जनावराच्या तोंडातले दात पाहणारे फिरवतात. प्रीतम त्याच्याशी कुंपणापाशी बराच वेळ बोलला. संध्याकाळी देवाजी स्वतःच म्हणाला, "मी शब्द देला होता. येतो आम्ही. मोनालीले म्हणा एक कोपरा मोकळा कर." आणि अंजनाबाईकडं न बघता, "भांडे बांधून घे वं."

तिनं घासलेली भांडी एक एक करून पुन्हा मांडणीवर लावली.

सकाळी भंगारवाला येणार होता, बुटकी आणि रोटावेटर दोन्ही घ्यायला. बुटकी अजून त्या झाडापाशीच उभी होती. ती रस्त्यापर्यंत काढायला प्रीतम निघाला. हात गळ्यात बांधलेला, पण एका हातानं आणि दोन पायांनी तेवढं जमण्यासारखं होतं. अंजनाबाई त्याच्या मागं गेली. देवाजी धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभा राहिला, पुढं आला नाही.

इंजिन सुरू झालं. प्रीतमनं बुटकी मागं घेतली, ओळीत सरळ केली. झाडाची साल हातभर सोलून निघाली होती, आतलं पांढरं लाकूड ओलं दिसत होतं.

"मागचं यंत्र फिरव," अंजनाबाई म्हणाली.

"कायले?"

"फिरव. तुह्या बापानं चालवलं तसं चालव. आन् तुह्या पायानं थांबव. तुहा पाय तं धड हाय ना? थांबली तं मी आजच्या आज भांडे बांधतो. एक शब्द नाही बोलणार."

"माय, काहून डोकं खाऊन राहिली!"

"भेतो का तू?"

तो चिडला. मागचा दांडा ओढला. पाती खाली सोडली. ती फरशीसारख्या जमिनीवर खडखडायला लागली आणि बुटकी ओळीतून चालू लागली. अंजनाबाई बाजूनं पुढं गेली. पदर कमरेला खोचला. मग ती ओळीच्या मधोमध येऊन उभी राहिली, प्रीतम उभा होता तशी, तोंड बुटकीकडं करून.

"बाजूले हो!"

"दाब ना. थांबते म्हणतो ना तू."

हवा अजिबात हलत नव्हती. बुटकीच्या नाकावरचा फाटका पत्रा, त्यात अडकलेली संत्र्याची एक डहाळी, सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. धुराचा आणि गरम तेलाचा वास आला. प्रीतमनं पाय दाबला. तिनं पाहिलं, बूट तळाला टेकला. गुडघा सरळ, तरणा, दणकट. बुटकी येत होती. त्यानं आणखी जोर दिला, सीटवरून अर्धा उठला, सगळा भार पायावर टाकला. बुटकी येत होती. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं लहानपणी विहिरीत वाकून पाहताना असायचा तो चेहरा आला.

"माय! थांबून नाही राहिली! बाबा! बाबा, थांबून नाही राहिली!"

अंजनाबाईनं बाजूला व्हायचं ठरवलं होतं. पण तिचे पाय हलले नाहीत.  इंजिनाची ऊब तिच्या पोटाला लागली.

देवाजी बाभळीखालून धावत निघाला होता. तो पाय बाहेरून फिरवत, ढेकळांवरून, एखादा जखमी पक्षी पळावा तसा धावत होता. "गिअर काढ! वायर ओढ!" प्रीतमला काही ऐकू येत नव्हतं, तो फक्त पाय दाबून धरून होता, डोळे मिटून. देवाजीनं चालत्या बुटकीच्या बाजूला एक हात लावला, दुसरा सीटखाली घातला आणि इंजिन बंद करायची वायर खेचली. मग गिअरचा दांडा बुक्कीनं मधात आणला.

पाती खडखडत थांबली. लोखंडी कड अंजनाबाईच्या लुगड्याला टेकून उभी राहिली होती.

अंजनाबाईला फळीवर चिंधीत गुंडाळून ठेवलेलं ते कपलिंग आठवलं. देवाजी धापा टाकत होता. त्यानं आधी अंजनाबाईकडं पाहिलं, ती उभी आहे हे पाहिलं. मग मुलाकडं. प्रीतमचा पाय अजून तसाच क्लचवर होता, ताठ, पोटरी लटलट कापत होती, आणि तो काढायचं त्याला सुचत नव्हतं. देवाजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सोड आता पाय, बापू," तो म्हणाला. "त्यानं दाबलं ना. तो बिचारा आणखी का करन."